नाही कुणी म्हणायचं?

दोघींचं एकावर किंवा दोघांचं एकीवर मन जडलं की गोष्ट आपोआप सुरू होते. भलत्याच्या हाती पडलेली एक चिठ्ठी किंवा पावसात दोघांत धरलेली एक छत्री, एवढ्या भांडवलावर शे-दोनशे पानं सहज निघतात. लेखकाचा कस लागतो तो गोष्ट संपवताना. तिघांतल्या दोघांची गाठ घालायची तर तिसऱ्याला बाजूला करावं लागतं. आणि हा तिसरा माणूस चांगला असेल, त्याच्या हातून काही वावगं घडलेलं नसेल, तर त्याला दूर सारणारा नायक वाचकाच्या मनातून उतरण्याची भीती असते.

या भीतीपोटी जगभरच्या कथाकारांनी काही ठरलेल्या पळवाटा काढून ठेवल्या आहेत. तिसरा शेवटी खलपुरुष निघतो. नाहीतर मरतो. राज कपूरच्या १९६४ सालच्या ‘संगम’मध्ये दोन मित्र आणि एक स्त्री यांचा गुंता अखेर एका मित्राच्या हातातल्या पिस्तुलाने सुटतो. ज्या लेखकाला रक्तपात आवडत नाही तो शेवटच्या अंकात तिसऱ्यासाठीही एक जोडीदार हजर करतो, आणि एकाच मांडवात दोन लग्नं उरकतो. या सगळ्या युक्त्यांचा हेतू एकच असतो. एका माणसाने दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून ‘माझं तुझ्यावर प्रेम नाही’ हे वाक्य उच्चारायचं असतं, ते टाळायचं.

प्रेमाचा त्रिकोण निवडीने सुटतो असं आपण समजतो. खरं तर तो नकाराने सुटतो. निवड मनातल्या मनात करता येते, नकार मात्र तोंडाने द्यावा लागतो. हे प्रकरण त्या नकाराविषयी आहे. त्यातली एक गोष्ट जपानी आहे. बाकीच्या बहुतेक सांगली-साताऱ्याच्या मातीत जन्मलेल्या लेखकांच्या आहेत.

सत्तर मिनिटांचा नकार

इझुमी मात्सुमोतो यांची ‘किमागुरे ऑरेंज रोड’ ही चित्रमालिका जपानच्या ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९८४ ते १९८७ या काळात चालली. क्योसुके कासुगा हा शाळकरी मुलगा नव्या गावात राहायला येतो. पहिल्याच दिवशी एका लांबलचक जिन्यावर त्याला मादोका आयुकावा भेटते. जिन्याला पायऱ्या शंभर की नव्याण्णव यावरून दोघांचा वाद होतो आणि तिची लाल टोपी त्याच्याकडे राहते. तो तिच्या प्रेमात पडतो. पण मादोकाची लहानपणापासूनची मैत्रीण, तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी हिकारू हियामा, क्योसुकेच्या प्रेमात पडते आणि ते सगळ्यांसमोर जाहीरही करून टाकते. क्योसुकेला हिकारूला दुखवायचं नसतं, मादोकाला मैत्रिणीचा घास हिरावून घ्यायचा नसतो. दोघं गप्प राहतात. त्या गप्प राहण्यावर ही मालिका अठरा खंड चालते.

तिच्यावर बेतलेल्या ॲनिमेची, म्हणजे जपानी चलच्चित्रमालिकेची, ४८ भागांची टीव्ही आवृत्ती १९८७-८८ मध्ये दाखवली गेली. क्योसुकेच्या घराण्यात अद्भुत शक्ती आहे. तो क्षणात एका जागेवरून नाहीसा होऊन दुसरीकडे प्रकटू शकतो. पेचात सापडला की तो या शक्तीचा आधार घेतो आणि प्रेक्षक हसतात. म्हणजे इथेही एक पळवाट आहे आणि ती अक्षरशः पळण्याचीच आहे.

मग १ ऑक्टोबर १९८८ रोजी तोमोमी मोचिझुकी यांनी दिग्दर्शित केलेला सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट आला. त्याच्या जपानी नावाचा भावार्थ ‘त्या दिवसांत परत जावंसं वाटतं’ असा आहे. मोचिझुकींनी सगळ्यात आधी ती अद्भुत शक्ती काढून घेतली. विनोदही काढला. उरला तो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीचा घामट उन्हाळा आणि तीन मुलं. क्योसुके आणि मादोका अभ्यासाच्या निमित्ताने जवळ येतात. हिकारू एका संगीतनाटकाच्या निवडचाचणीची तयारी करत असते आणि आपला प्रियकर आपलाच आहे या भ्रमात असते. आता क्योसुकेला पळायला जागा नाही. त्याला हिकारूला सांगावं लागतं.

तो सांगतो. पण चित्रपट तिथे संपत नाही, आणि याच गोष्टीने तो वेगळा ठरतो. हिकारूला ते पटत नाही. ती पुन्हापुन्हा त्याला गाठायला बघते. तो नकारावर ठाम राहतो तेव्हा प्रेक्षकांना त्याचा राग येतो, आणि तो डळमळतो तेव्हा त्याहून जास्त येतो. डळमळणं म्हणजे तिची आशा उगाच ताणत ठेवणं. दिग्दर्शकाने जिंकलेल्या जोडीच्या आनंदाला थोडाच वेळ दिला आहे. मोठा वाटा हिकारूच्या रडण्याचा आहे. मालिकाभर जिचा बालिशपणा विनोदाला खाद्य पुरवत होता, तिचं दुःखही खरं होतं हे प्रेक्षकाला उशिरा कळतं, आणि आपण इतके दिवस हसत होतो याची बोच लागते.

हा शेवट गोड की कडू? दोन माणसांना आपलं माणूस मिळालं, म्हणून गोड. पण तिघांतलं कुणीही दुष्ट नव्हतं, तरी एकीचं मन मोडलं, म्हणून कडू. एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही.

धनुष्याची सोय

आता कृष्णाकाठी येऊ. सांगली आणि सातारा हे आज दोन जिल्हे असले तरी दोघांचा सातबारा बराचसा एक आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेल्या सांगलीसारख्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या पट्ट्याने मराठीला नाटककार पुरवले. म्हणूनच सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत, संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. तो दिवस आजही मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. मराठी रंगभूमीने पहिल्याच खेळाला विषय निवडला तो वरनिवडीचा, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आणि ही निवड केवढी सोयीची! स्वयंवरात एकीसाठी पन्नास इच्छुक असतात, पण कुणालाही ‘तू नकोस’ असं सांगावं लागत नाही. ते काम धनुष्य करतं. ज्याला ते उचलत नाही तो आपल्या पायाने घरी जातो. सीतेने रावणाला नाकारलं असं आपण म्हणत नाही. रावणाला धनुष्य पेललं नाही असं म्हणतो. नकाराची जबाबदारी माणसाच्या अंगावरून काढून नियमाच्या अंगावर टाकण्याची ही रीत मराठी नाटकाने पुढे बराच काळ सांभाळली.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामाने ठरवलेला वर दुर्योधन. सुभद्रेने दादाला स्पष्ट नाही म्हणावं असा प्रसंग येऊ शकला असता. पण कृष्ण आहे ना! तो सूत्रं हलवतो, अर्जुन संन्याशाच्या वेषात येतो, आणि दुर्योधन कधी बाद झाला ते प्रेक्षकाला कळतही नाही. त्याच्या दुःखाचा प्रश्न नाटकात उपस्थितच होत नाही.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल हे कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे. हरिपूर सांगलीला अगदी लागून. त्यांचं ‘संशयकल्लोळ’ फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनावरून इंग्रजीमार्गे मराठीत आलं. त्यात फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि अश्विनशेठ-रेवतीच्या प्रेमातही तो संशय शिरतो. त्रिकोणावर त्रिकोण रचले जातात. पण यातला तिसरा कोन कुठेच खरा नसतो, तो प्रत्येकाच्या डोक्यात असतो. गैरसमज फिटला की सगळे सुखी. कुणाचंच काही जात नाही, म्हणून ते नाटक आजही पोट धरून हसवतं. कडू घोट त्यात नाहीच.

देवलांनी कडू घोट भरला तो १८९९ च्या ‘शारदा’मध्ये. शारदा ही अल्लड वयातली मुलगी. पैशाच्या लोभाने बाप कांचनभट तिला भुजंगनाथ या म्हाताऱ्या श्रीमंताच्या गळ्यात बांधायला निघालेला. मध्यस्थी करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि हा अन्याय बघून पेटून उठणारा तरुण कोदंड. हा प्रेमाचा त्रिकोण म्हणणं शारदेवर अन्याय ठरेल, कारण एका कोनावर नुसता व्यवहार बसलेला आहे. तरीही तो सुटतो कसा ते बघा. लग्न मोडतं ते मुलीने नकार दिला म्हणून नव्हे. नवरा-नवरी एकाच गोत्राची निघतात म्हणून मोडतं. देवलांसारख्या सुधारकी मनाच्या नाटककारालाही मुलीचा नकार पुरेसा वाटला नाही. वाटला असेलही, पण १८९९ च्या प्रेक्षकाला तो पुरला नसता. मुलगी रडते म्हणून लग्न मोडलेलं त्याने पाहिलं नव्हतं, सगोत्र निघालं म्हणून मोडलेलं मात्र तो समजू शकत होता. धनुष्याच्या जागी गोत्र आलं, एवढाच फरक.

एकच गोष्ट, चार मनं

मराठी परंपरेतला तोंडाने दिलेला सगळ्यात प्रसिद्ध नकार कचाचा आहे. महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे आहे. ती मिळवायला देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, त्यांच्याकडे शिष्य म्हणून धाडलं. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी त्याच्यावर जीव लावून बसली. असुरांनी कचाला पुन्हापुन्हा मारलं आणि प्रत्येक वेळी तिने बापाकडे हट्ट धरून त्याला जिवंत करवलं. शेवटी असुरांनी त्याची राख मद्यात मिसळून खुद्द गुरूला पाजली. आता कचाला उठवायचं तर गुरूचं पोट फाटणार. म्हणून शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला विद्या शिकवली, तो बाहेर आला आणि त्याने गुरूला जिवंत केलं.

विद्या मिळाली, निघायची वेळ झाली. देवयानीने लग्नाचं विचारलं. कच म्हणाला, तू गुरुकन्या, मला पूज्य. शिवाय मी तुझ्या वडिलांच्या उदरात राहून आलो, तेव्हा धर्माने तू माझी बहीण. नीट ऐकलं तर यात ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ किंवा ‘नाही’ यांतलं एकही वाक्य नाही. हे नातं नियमात बसत नाही, एवढंच तो सांगतो. हेही एक धनुष्यच, फक्त शब्दांचं. देवयानीला ते कळलं असावं. तिने शाप दिला: तुझी विद्या तुला फळणार नाही. त्यानेही उलटा शाप दिला: कुणी ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही.

पुढची सगळी कथा या अर्धवट नकारातून फुटते. कचाच्या शापामुळे देवयानीला ब्राह्मण वर मिळत नाही. विहिरीतून तिला हात देऊन वर काढणारा राजा ययाती तिचा नवरा होतो. जिने तिला त्या विहिरीत ढकललं ती राजकन्या शर्मिष्ठा दासी बनून सोबत येते. मग ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हा दुसरा त्रिकोण उभा राहतो. त्याचा शेवट तर आणखी एका शापात, राजाच्या अकाली म्हातारपणात होतो. पहिला गुंता नीट न सुटल्याने दुसरा तयार झाला, असं या कथेचं गणित मांडता येतं.

ही कथा आधुनिक काळातल्या तिघांनी आपापल्या परीने पुन्हा सांगितली आहे. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९० च्या दशकात ‘विदाय अभिशाप’ हे संवादकाव्य लिहिलं. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ सनदी सेवेत होते आणि १८९७ मध्ये साताऱ्याचे न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. तेवढा आपल्या भागाशी धागा. रवींद्रनाथांचा कच मनातली ओढ लपवत नाही, कर्तव्य मात्र सोडत नाही. आणि शापाला शाप न देता तो देवयानीच्या सुखाची प्रार्थना करून जातो. नकार तोच, पण देणाऱ्याची जात बदलली.

दुसरे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. १८७२ मध्ये सांगलीत जन्मलेले, टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. १९१३ मध्ये त्यांचं ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आलं आणि देवयानीची भूमिका बालगंधर्वांनी गाजवली. खाडिलकर राजकीय-सामाजिक मनाचे नाटककार. या कथेत त्यांना जास्त खुणावलं ते गुरूच्या हातातलं मद्य. दारूने थोर माणूसही कसा आंधळा होतो हा धडा नाटकाच्या मध्यभागी आला. प्रेमाची गोष्ट गाण्यांतून रंगली खरी, पण नाटककाराची नजर पेल्यावर होती.

तिसरे विष्णु सखाराम खांडेकर, जन्म ११ जानेवारी १८९८, सांगली. म्हणजे एका गावच्या दोन लेखकांनी एकच कथा सेहेचाळीस वर्षांच्या अंतराने हाताळली. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ मध्ये आली, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार घेऊन मराठीला तो मान पहिल्यांदा मिळवून देणारे लेखक खांडेकरच. ‘ययाति’चा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय रचनेचा आहे. गोष्ट कुणा एकाच्या तोंडून येत नाही. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली बाजू मांडतात. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांना बोलायला मिळालं की वाचकाची पंचाईत होते, कारण ज्याचं ऐकावं त्याचं पटतं. देवयानी महाभारतात तापट आणि गर्विष्ठ म्हणून ओळखली जाते. इथे तिच्या गर्वाखालची जखम दिसते. कचाने नाकारलेली मुलगी राणी झाली, सत्ता मिळाली, पण नाकारलेपण गेलं नाही, आणि ते तिने नवऱ्यावर आणि दासीवर उगवलं.

खांडेकरांनी आणखी एक केलं. महाभारत कचाला देवलोकी धाडून मोकळं होतं, तर खांडेकर त्याला कथेत परत आणत राहतात. नकार देणाऱ्याने निघून जायचं आणि दुखावलेल्याने आपलं आपण बघून घ्यायचं, ही सोय त्यांनी कचाला ठेवली नाही. खांडेकरांचा कच कधीकधी फार उपदेश करतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्याच्या परत येण्यात लेखकाची एक नैतिक अट दिसते: नाही म्हटल्यावरही माणुसकीचं नातं शिल्लक राहतं.

रहिमतपूरची मत्स्यगंधा

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरला १९२२ मध्ये जन्मलेले वसंत कानेटकर हे कवी गिरीश यांचे चिरंजीव. वडील सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकवत. कानेटकरांनी १९६४ मध्ये ‘मत्स्यगंधा’ लिहिलं. कोळ्याची मुलगी सत्यवती पराशरावर विश्वासून प्रेम करते, आणि तो तिला सोडून जातो. पुढे ती शंतनूची राणी होते. तिच्या वंशाला गादी मिळावी म्हणून शंतनूचा मुलगा देवव्रत, म्हणजेच भीष्म, आजन्म ब्रह्मचर्याची भीष्मप्रतिज्ञा करतो, आणि त्या प्रतिज्ञेपायी त्याच्याशी लग्न करू पाहणाऱ्या अंबेलाही नकार पचवावा लागतो.

खांडेकरांनी नाकारलेल्या मुलीचं मन उलगडलं, तर कानेटकर त्यापुढचा हिशोब मांडतात. एकीला दिलेला धोका तिच्यात महत्त्वाकांक्षा होऊन मुरतो, ती महत्त्वाकांक्षा दुसऱ्या माणसाकडून प्रतिज्ञा वसूल करते, आणि ती प्रतिज्ञा तिसरीचं आयुष्य उद्ध्वस्त करते. पराशराने सत्यवतीला नीट निरोपही दिला नाही, आणि त्या न दिलेल्या निरोपाची किंमत अंबेने मोजली. अंबेला नाकारताना भीष्मही स्वतःच्या मनाबद्दल काही बोलत नाही, प्रतिज्ञेकडे बोट दाखवतो. नियमाआड लपणारा हा आणखी एक पुरुष.

नकाराला लागणारं वय

मराठी लेखकांना माणसाच्या तोंडचा साधा नकार एवढा अवघड का गेला? याला लेखकांपेक्षा समाज जास्त जबाबदार आहे. नकार द्यायला निवडीचा हक्क लागतो, आणि निवडीच्या हक्काला आधी वय लागतं.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावी १८३१ मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाईंचं १८४० मध्ये लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळी हे सर्रास चाले. बालपण आणि संसार यांच्या मधली जी सहा-सात वर्षं आज आपण किशोरवय म्हणून ओळखतो, ती मुलींच्या वाट्याला येतच नव्हती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा केलं, तेवढ्यावर महाराष्ट्रात केवढं रण पेटलं! १९२९ च्या कायद्याने लग्नासाठी मुलीचं किमान वय चौदा झालं, १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा. या आकड्यांकडे कथाकाराच्या नजरेने पाहिलं तर प्रत्येक दुरुस्तीने मुलीच्या आयुष्यात काही वर्षांची मोकळी जागा तयार केली. प्रेमात पडायला, चुकायला आणि नाही म्हणायलाही.

दुसरी गरज भेटण्याच्या जागेची. १९१९ हे वर्ष या दोन्ही जिल्ह्यांसाठी मोलाचं. त्या वर्षी सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय उघडलं, आणि कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. १९२४ मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं. खेड्यापाड्यांत माध्यमिक शाळा पोचल्या, त्यांच्यामागे मुलीही पोचल्या. जपानमध्ये हाच बदल १९४७ च्या शिक्षणविषयक मूलभूत कायद्याने झाला. त्याने मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाला मान्यता दिली. क्योसुके, मादोका आणि हिकारू एका शाळेच्या आवारात हिंडतात, त्यांच्यामागे हा कायदा उभा आहे. तो नसता तर त्या जिन्यावरचा पायऱ्यांचा वाद झालाच नसता.

म्हणून किशोरवयीन प्रेमाचा त्रिकोण ही फार जुनी गोष्ट वाटत असली तरी ती नवी आहे. जुन्या कथांत त्रिकोण होते, पण त्यांतले निर्णय बाप, भाऊ, गुरू आणि देव घेत. तिन्ही मुलांनी आपापसांत बसून सोडवायचा गुंता हा विसाव्या शतकातला.

शेवट कसा जोखायचा

मोचिझुकी यांनी १९९३ मध्ये जिब्ली स्टुडिओसाठी दूरचित्रवाणीवर आणखी एक चित्रपट केला. शिकोकू बेटावरच्या कोची या आडबाजूच्या शहरात टोकियोहून एक मुलगी येते, आणि दोन जिवलग मित्रांच्या मैत्रीत तडा जातो. कोचीची बोली, बंदर, शाळेची सहल. टोकियोवरून आलेल्या मुलीला ते गाव लहान वाटतं आणि गावातल्या मुलांना ती शिष्ट वाटते. पुण्याहून सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या शाळेत बदली होऊन आलेल्या मुलीची गोष्ट म्हणून ती सहज खपेल. इथेही दिग्दर्शक कुणाला दोषी ठरवत नाही.

आज हे जपानी चित्रपट आपल्याकडे परके राहिलेले नाहीत. ‘डोरेमॉन’मधले नोबिता, शिझुका आणि हुशार देकिसुगी हा त्रिकोण इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. २०१९ मध्ये मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतात चित्रपटगृहांत लागला, त्यासाठी भारतीय चाहत्यांनी आधी मागणी लावून धरली होती. बारावीच्या वर्षात क्लास, प्रवेशपरीक्षा आणि मनातली उलथापालथ यांतून जाणाऱ्या सांगलीतल्या विश्रामबागच्या किंवा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या मुलाला क्योसुकेचा उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही.

पण त्याला नकार ऐकायला कुणी शिकवलं आहे? ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ हा मथळा मराठी वर्तमानपत्रांत गेली कित्येक दशकं येतो आहे. त्या गुन्ह्यांना अनेक कारणं आहेत आणि ती सगळी कथांच्या माथी मारता येणार नाहीत. तरीही एवढं म्हणता येईल की आपल्या लोकप्रिय गोष्टींनी नकार घडताना फार क्वचित दाखवला. धनुष्य आडवं आलं, गोत्र आडवं आलं, कृष्ण धावून आला. सिनेमात तर मुलीचं ‘नाही’ म्हणजे होकाराची पहिली पायरी असंच पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. दोष नसलेल्या माणसालाही नकार मिळतो, तो मिळाल्यावर खूप रडू येतं, आणि त्यानंतरही आपण आणि समोरचा दोघंही माणूस म्हणून शिल्लक राहतो, हे दृश्य ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला नकार म्हणजे अपमानच वाटणार.

त्यामुळे असा चित्रपट किंवा कादंबरी हातात आली तर ‘शेवटी कोण कुणाला मिळालं’ याच्या पलीकडचे तीन प्रश्न विचारावेत. नकार माणसाने दिला की नियमाने? नाकारलेल्याला बोलायला किती वेळ मिळाला? आणि नकार देणारा नंतर कुठे गेला? ‘सौभद्र’ पहिल्याच प्रश्नात अडखळतं, आणि त्याने फारसं बिघडत नाही, कारण त्याचं काम रंजनाचं आहे. १९८८ चा जपानी चित्रपट पहिल्या दोन प्रश्नांत उत्तम उतरतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सांगलीचे खांडेकर सरस ठरतात. त्यांनी कचाला परत यायला लावलं.